बेलची दोरी तुटलीय, इंजिन शाबूत आहे

पत्र, थोडं कापून, असं आलं होतं: "ताई, माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यापासून शेती बघतात. दोन महिन्यांत तीनदा चक्कर येऊन पडले, शेवटच्या वेळी गोठ्यात, तेव्हा नाडी ३४ होती. डॉक्टर म्हणाले कम्प्लीट हार्ट ब्लॉक. अँजिओग्राफी केली तर ती नॉर्मल आली, मग ब्लॉक कुठून आला? भाऊ म्हणतो ब्लॉक असेल तर अँजिओप्लास्टी करा, मशीन कशाला, हे पैसे काढायचं काम आहे. नाडी हळू करणारी मेटोप्रोलॉलची गोळी बंद करून चार दिवस वाट बघितली पण फरक नाही. आता मानेतून तात्पुरती वायर घातलीय, पण पर्मनंट पेसमेकरच्या कागदावर अप्पा सही देत नाहीत. म्हणतात मशीनवर जगायचं नाही मला. त्यात चुलत्यांनी सांगितलं की पेसमेकरवाल्याचा जीव सहज जात नाही, अडकून राहतो. मी अप्पांना काय सांगू? – वि., सांगली जिल्हा"

अगं वि., तुझा पहिला मेल आला तेव्हा अप्पा अजून घरीच होते आणि मी तुला दोनच ओळी लिहिल्या होत्या, की बाकी सगळं राहू दे, आधी ॲडमिट कर. तू केलंस, फार बरं केलंस. आता ते मॉनिटरखाली आहेत, बाहेरच्या मशीनला जोडलेली तात्पुरती वायर हृदयाला ठोके देतेय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. पण फार दिवस हातात नाहीत हे लक्षात ठेव, ती वायर काही दिवसांसाठीच असते, ती हलू शकते, तिथून इन्फेक्शन आत जाऊ शकतं आणि ती आहे तोवर माणूस पलंगाला बांधलेला. मी २२ वर्षं कार्डियाक वॉर्डात सिस्टर होते, आणि सही न देणारे अप्पा मी खूप बघितलेत. ते हट्टी नसतात गं, त्यांना नीट कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी तुझ्या भावाचं. त्याचा राग समजतो कारण हा घोटाळा शब्दाचा आहे आणि तो अख्ख्या महाराष्ट्रात आहे. आपल्याकडे "ब्लॉक निघाला" म्हटलं की रक्तवाहिनीत चरबी अडकली, फुगा घाला, स्टेंट टाका, इतकंच डोक्यात येतं. ते झालं नळाचं काम. अप्पांचा नळ साफ आहे, अँजिओग्राफीत तेच दिसलं. त्यांचा ब्लॉक वायरिंगमधला आहे. घरात पाणी व्यवस्थित येतंय पण लाइट गेलीय, तर प्लंबरला बोलावून काय उपयोग? स्टेंट टाकायला तिथे जागाच नाही. दोन्ही दुखण्यांना एकच शब्द वापरतात त्यामुळे कित्येक घरांत अशी भांडणं होतात आणि पेशंट मध्ये लटकतो. आणि डॉक्टरांबद्दल म्हणशील तर त्यांनी मेटोप्रोलॉल बंद करून चार दिवस थांबून बघितलं ना, पोटॅशियम पण तपासलं असेल, कारण त्या गोळीने किंवा पोटॅशियम वाढल्याने कधी कधी असा ब्लॉक होतो आणि ते दुरुस्त केलं की आपोआप सुटतो. पैसेच काढायचे असते तर पहिल्याच दिवशी मशीन बसवलं असतं. भावाला एवढं सांग.

आता वायरिंग म्हणजे काय ते. अप्पा एसटीतले आहेत म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते, तू त्यांना असंच वाचून दाखव.

शाळेच्या पुस्तकात होतं बघ, वर दोन अलिंद, खाली दोन निलय. वरच्या कप्प्यांत रक्त येऊन जमतं, खालचे कप्पे ते अंगभर ढकलतात. वर उजव्या कप्प्यात, जिथे डोक्याकडची मोठी शीर येऊन मिळते तिथे, एक छोटासा पेशींचा पुंजका आहे, एसए नोड. तो स्टँडवरचा कंट्रोलर. गाडी सोडायची वेळ तो ठरवतो, मिनिटाला ६० ते १०० वेळा. त्याला वरून कुणी ऑर्डर द्यावी लागत नाही हे मला अजूनही फार नवलाचं वाटतं. त्या पेशींना निवांत बसताच येत नाही. एक ठोका झाला की लगेच त्यांच्या आवरणातून थोडं थोडं सोडियम आत झिरपायला लागतं, चार्ज हळूहळू चढतो, एका ठराविक पातळीला पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि ठिणगी पडते, परत पहिल्यापासून. हा जो झिरपणारा करंट आहे त्याचं नावच शास्त्रज्ञांनी "फनी करंट" ठेवलंय, कारण बाकीच्या पेशींत जेव्हा सगळं शांत व्हायला पाहिजे तेव्हा हा सुरू होतो. दिवसाला साधारण एक लाख ठोके असेच पडतात, झोपेत, जेवताना, भांडताना. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो, वेगस नावाची नस ब्रेक लावते, घाबरलो की ॲड्रेनलिन ॲक्सिलरेटर दाबतं. हार्ट ट्रान्सप्लांटमध्ये नव्या हृदयाच्या सगळ्या नसा कापलेल्या असतात तरी ते चालतं, उलट ब्रेक सुटल्यामुळे बसल्या जागी ९०-१०० ने चालतं.

तर कंट्रोलरने वेळ दिली, करंट वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरला, ते आकसले, रक्त खाली निघालं. पण खालचे कप्पे त्याच क्षणी आकसून चालणार नाही, माणसं दारातच आणि गाडी सुटली असं होईल. म्हणून मध्ये कंडक्टर आहे, एव्ही नोड. तो करंट मुद्दाम रोखून धरतो, सेकंदाचा दहावा भाग, जास्त नाही. चढा, आत सरका, पुढे व्हा, सगळे आत आले, मग डबल बेल. त्या दहाव्या भागात खालचे कप्पे पूर्ण भरून घेतात. माझ्या मते अख्ख्या शरीरात इतकी शहाणी दुसरी जागा नाही, सगळीकडे घाई आणि इथे बरोबर तेवढाच उशीर.

कंडक्टरची दोरी म्हणजे हिस बंडल, पुढे तिचे दोन फाटे होतात, डावा उजवा, आणि शेवटी बारीक धाग्यांचं जाळं, ज्याला पर्किंजे फायबर म्हणतात, ते करंट इतका झपाट्याने पोचवतात की खालचे दोन्ही कप्पे तळापासून वर एकदम पिळले जातात, धुणं पिळल्यासारखे.

आता गंमत नाही, अडचण इथेच आहे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये चिवट तंतूंची एक चौकट असते, झडपा तिलाच बसवलेल्या असतात, आणि त्या चौकटीतून करंट जातच नाही. जायला एकच भोक, आणि त्या भोकातून जाते ती ही दोरी. दुसरा रस्ता नाही. वयानुसार त्या भागात चिवटपणा येतो, कधी कॅल्शियम जमतं, दोरी झिजते, आणि एक दिवस तुटते. अप्पांचं तेच झालंय. त्यांनी काही चुकीचं खाल्लं, तंबाखू खाल्ली, कुणी टेन्शन दिलं म्हणून नाही. तू पत्रात लिहिलंयस की जमिनीच्या वाटणीवरून झालेल्या भांडणानंतर हे सुरू झालं आणि तुला अपराधी वाटतं, ते डोक्यातून काढ. ही झीज त्या भांडणाच्या कितीतरी आधीपासून चालू असणार.

मग नाडी ३४ कशी? बेल आली नाही तरी ड्रायव्हर, म्हणजे खालचे कप्पे, अडून बसत नाही. कंट्रोलर बंद पडला तर मधला कंडक्टर स्वतःच्या अंदाजाने ४० ते ६० ने चालवतो, आणि दोरी खालीच तुटली असेल तर खालचे कप्पे स्वतःच २० ते ४० च्या मधे कुठेतरी ठोके देत राहतात. निसर्गाने स्टेपनी दिलीय. पण स्टेपनीवर मुंबई गाठायची नसते. हा खालचा ताल भरवशाचा नाही, मध्येच काही सेकंद थांबतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस जागेवर कोसळतो, काही सेकंदांनी परत ठोके आले की उठून बसतो आणि म्हणतो मला काही झालं नाही. गोठ्यात हेच झालं. या वेळी उठले. पुढच्या वेळी तो ताल परत सुरू होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि हे अप्पांना असं सरळ सांगायला पाहिजे, घाबरवायला नाही, खरं आहे म्हणून.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. अप्पा म्हणतात मशीनवर जगायचं नाही. त्यांच्या डोळ्यासमोर व्हेंटिलेटरवरचा माणूस आहे, मशीन श्वास देतंय, बंद केलं की संपलं. पेसमेकर तसा नाहीच. त्याला हृदय चालवायची ताकदच नाही, एवढीशी डबी, २५-३० ग्रॅमची, ती काय रक्त ढकलणार? रक्त अप्पांचंच हृदय ढकलतं. आणि मला त्यांना जे खास सांगायचंय ते हे, की अप्पांचा कंट्रोलर उत्तम आहे. वेळेवर गाडी सोडतोय, मिनिटाला ७०-७५ वेळा. तो हाका मारतोय आणि खाली ऐकू येत नाही एवढंच. दोन वायरचा पेसमेकर असतो त्यात एक वायर वरच्या उजव्या कप्प्यात असते, ती अप्पांच्या स्वतःच्या ठोक्याकडे कान लावून बसते. तो आला की मशीन तेवढंच थांबतं जेवढं कंडक्टर थांबायचा, आणि खालच्या वायरने डबल बेल देतं. अप्पा जिना चढले, त्यांचा कंट्रोलर ९५ वर गेला, तर मशीन ९५ ने बेल देणार. झोपले, ६० वर आला, तर ६०. वेळ अप्पांची, निरोप फक्त मशीन पोचवणार. म्हणून डॉक्टरांना एवढं नक्की विचार की डबल चेंबर, म्हणजे हा दोन वायरचा, बसवणार ना, आणि सिंगल सांगत असतील तर का. कधी कधी सिंगलचं खरंच कारण असतं, वरचे कप्पे नुसते थरथरत असतील तर वरची वायर ऐकणार काय, पण विचारायला काही हरकत नाही.

हे अप्पांना नुसतं सांगू नकोस, दाखव. सिस्टरांना विनंती कर की वायर घालायच्या आधीची ईसीजीची लांब पट्टी दाखवा. त्यावर बारीक बारीक उंचवटे दिसतील, अगदी सारख्या अंतरावर, ते वरच्या कप्प्यांचे. आणि उंच टोकदार काट्या दिसतील, लांब लांब, त्या खालच्या कप्प्यांच्या. नॉर्मल माणसात प्रत्येक उंचवट्यामागे एक काटी असते. अप्पांच्या पट्टीवर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, उंचवटे आपल्या तालात चाललेत, काट्या आपल्या तालात. अप्पांच्या हातात पेन दे आणि उंचवटे मोजायला सांग. मी वॉर्डात असे कितीतरी जणांना मोजायला लावले, शाळा न शिकलेल्यांना पण बरोबर कळतं. एक बाबा होते, हमाली केलेले, ते पट्टी बघून म्हणाले म्हंजी वरचा मालक जित्ता हाय की. आणि सही दिली.

अजून एक गोष्ट सांग त्यांना, ती मला फार जवळची आहे. जगातला पहिला असा पेसमेकर, जो पूर्ण शरीराच्या आत बसवला, तो ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये स्टॉकहोमला बसवला. पेशंट होते आर्ने लार्सन, वय ४३, त्यांना हाच ब्लॉक होता आणि दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध जायची. त्यांची बायको एल्से-मारी, तिने सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनियर रुने एल्मक्विस्ट या दोघांचा पिच्छाच पुरवला. ते म्हणत होते असं मशीन अजून माणसात बसवण्याजोगं तयारच नाहीये, ती म्हणाली मग तयार करा. एल्मक्विस्टनी बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात इपॉक्सी ओतून ते बनवलं. पहिलं काही तासांत बंद पडलं, दुसरं बसवलं. आणि लार्सन जगले किती, तर २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होऊन गेले, आयुष्यात २६ पेसमेकर वापरले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले. गेले तेही कॅन्सरने, हृदयाने नाही. त्या काळातली ती डबी आणि आत्ताची यात बैलगाडी आणि शिवनेरीचा फरक आहे, आत्ताची बॅटरी साधारण ८-१० वर्षं जाते, संपत आली की आधी कळतं आणि फक्त डबी बदलतात, वायर बहुतेक तीच राहते.

चुलत्यांचं बोलणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण म्हाताऱ्या माणसांना मरणापेक्षा अडकून पडायचीच भीती जास्त असते आणि ती खरी भीती आहे. पण तसं होत नाही. पेसमेकर फक्त बेल देतो. शेवट येतो तेव्हा हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन नसतो, तो त्या बेलला उत्तर देत नाही, आकसत नाही. मी अशी माणसं जाताना जवळ उभी राहिलेय. मॉनिटरवर पेसमेकरच्या बारीक उभ्या रेघा काही वेळ येत राहतात आणि त्यामागे काहीच नसतं, नाडी लागत नाही. माणूस त्याच्या वेळेला जातो, मशीन त्याला धरून ठेवत नाही. आणि एक स्पष्ट सांगून ठेवते कारण अप्पा विचारतील, अग्नी द्यायच्या आधी डबी काढावी लागते, नाहीतर आगीत बॅटरी फुटते. छोटासा छेद असतो, हॉस्पिटलमध्येच करून देतात, घरात एकाला माहीत असलं की झालं. व्हॉट्सॲपवर तुला ज्या शॉक बसून माणूस उडाल्याच्या क्लिपा आल्यात ते वेगळं मशीन, आयसीडी, ते शॉक देतं. अप्पांचं शॉक देत नाही, त्याची बेल त्यांना जाणवणारसुद्धा नाही.

ऑपरेशन म्हणशील तर छाती उघडत नाहीत. कॉलरबोनच्या खाली, बहुतेक डाव्या बाजूला, जागा बधिर करून दोन-तीन बोटं छेद, शिरेतून वायर आत, डबी कातडीखाली. तास-दीड तास लागतो. त्यानंतरचे चार-सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, म्हणजे वायर जागेवर पक्की धरते. पण यात लोक एक चूक हमखास करतात, घाबरून हात पोटाशी धरून बसतात, आणि महिनाभराने खांदा आखडतो, मग तेच दुखणं पेसमेकरच्या नावावर खपतं. खांद्याच्या खालून हात रोज हलवायचा, जेवायचं, शर्टाची बटणं लावायची. जखम लाल झाली, सुजली, पाणी यायला लागलं, ताप आला, परत चक्कर आली किंवा उचकी थांबेचना, तर वाट न बघता हॉस्पिटल. तिथे कुणाला तेल लावून चोळू देऊ नका.

घरी मिक्सर, टीव्ही, फ्रिज, काही अडत नाही. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको, वीतभर लांब, उजव्या कानाला लावायचा. इंडक्शनची शेगडी असेल तर दोन फूट लांब उभं राहायचं. आणि अप्पा ड्रायव्हर, म्हणजे बॉनेट उघडून चालू इंजिनवर वाकायची सवय असणारच, ते बंद. वेल्डिंगजवळ जायचं नाही. शेताला कुंपणाला झटका मशीन लावलं असेल तर तिथे दुसऱ्या कुणाला पाठवा. मोटरचं स्टार्टर चालू करायला हरकत नाही पण अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घे, हे तर पेसमेकर नसता तरी करायला हवं होतं. एमआरआय लागला तर आधी पेसमेकर असल्याचं सांगायचं, आता बरेचसे एमआरआय चालणारे मिळतात, तेही बसवायच्या आधीच विचारून घे. ते कार्ड देतील ते पाकिटात कायम.

पैशाचं तू लिहायला लाजलीस, ओळीच्या शेवटी कुठेतरी घातलंस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत पेसमेकर आहे. तुमचं हॉस्पिटल योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा, बसवल्यावर नाही, बसवायच्या आधी मंजुरी लागते. हॉस्पिटल योजनेत नसेल तर जवळचं कुठलं आहे ते पण तेच सांगतील, पण वायर घातलेल्या पेशंटला हलवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि शेवटी एक विनंती. भाऊ तुला म्हणालाय ना की अप्पांना साधं इंजेक्शन आहे सांगून थिएटरमध्ये नेऊ, तसलं काही करू नका. शुद्धीवरचा, समजता माणूस आहे, ३० वर्षं पन्नास-साठ माणसांचा जीव हातात घेऊन घाटातून गाडी चालवलीय त्यांनी, स्वतःच्या जिवाचा निर्णय त्यांचाच आहे. सगळं ऐकून, पट्टी बघूनही ते नाही म्हणाले तर तो नकारही त्यांचाच, तेव्हा डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्याने बोलू दे. पण दुपारी गर्दी नसताना जा, चुलते नसताना, पट्टी आणि पेन घेऊन बस. आधी उंचवटे मोजू दे. मग किती भरले ते मला कळव.